हिरवा रंग दुसऱ्या कंपनीत जुळवायचा आहे – दिवसा जुळतो, रात्री जुळत नाही (बडोदा)

खारीवावकर:
नमस्कार मंडळी. दांडिया बाजारजवळ खारीवाव रस्त्यावर जुन्या वाड्यात आमचं घर आहे. पुढची खोली हिरवी. भडक नाही, कढीपत्त्याच्या पानाची मागची बाजू असते तसा फिका, किंचित राखेकडे झुकलेला हिरवा. सासऱ्यांनी शेडकार्ड घेऊन आठवडाभर विचार करून निवडलेला, आणि घरात सगळ्यांना मनापासून आवडतो.

जूनच्या सुरुवातीला भिंतीतली पाण्याची लाइन गळायला लागली. प्लंबरने भिंत बरोबर मधोमध फोडली, साधारण चार बाय तीन फूट. नवीन गिलावा केला, तो आता छान वाळलाय. प्रश्न रंगाचा आहे. मूळ रंग जिथून घेतला ते दुकान आता नाही. डब्याचं झाकण माळ्यावर सापडलं, शेडचा नंबर वाचता येतो, पण त्या कंपनीने तो रंगच बंद केलाय असं कळलं. आमच्या जवळच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचं मशीन आहे. दुकानदार म्हणाला, ‘बेन, मशीनमां बधुं मळी जाय.’ त्याने त्यांच्या कार्डावरची सगळ्यात जवळची शेड काढून एक लिटर बनवून दिली.

चौकातून उजेड येतो तोवर लावलेला तुकडा शोधावा लागतो, इतका बेमालूम. संध्याकाळी दिवे लावले की तोच चौकोन निळसर-राखाडी होऊन भिंतीतून बाहेर येतो. छताला पीओपी आहे, त्यात पिवळे एलईडी आहेत.

नेमक्या याच भिंतीला लागून आमचा गणपती बसतो. बाकी तीन भिंती उत्तम आहेत, त्यामुळे रंगारी म्हणतो तशी अख्खी खोली रंगवायची इच्छा नाही आणि खर्चही परवडणार नाही. एका कंपनीची शेड म्हणजे दुसऱ्या कंपनीची अमुक, असा तक्ता कुठे मिळतो का? की भिंत मशीनने वाचून घ्यावी? आणि फक्त चौकोन रंगवावा की पूर्ण भिंत?

खिडक्यांच्या चौकटीही याच हिरव्यात आहेत, पण तो ऑइलपेंट आहे. त्यांनाही एक हात द्यायचा आहे.

अलकापुरी_७:
ताई, हल्ली मोबाइलवर ॲप असतात. भिंतीचा फोटो काढा, ते प्रत्येक कंपनीची जवळची शेड सांगतं. आम्ही हॉलसाठी तसंच केलं होतं, छान झालं. अर्थात आम्हाला जुन्याशी जुळवायचं नव्हतं.

दोन_हात:
मी रंगकामाचं कंत्राट घेतो, कारेलीबाग-समा बाजूला जास्त काम असतं. माझं मत सरळ सांगतो. चौकोन रंगवू नका. तुमच्या जुन्या डब्यातला तोच रंग शिल्लक असता तरी चौकोन दिसला असता. जुन्या रंगावर धूळ, उदबत्तीचा धूर, हात लागलेले डाग, सगळं बसलेलं असतं. शिवाय नव्या गिलाव्यावरची पुट्टी रंग पिते आणि जुनी भिंत पीत नाही, त्यामुळे कडेला चमक बदलते. पुट्टी झाल्यावर नव्या जागेला अस्तराचे दोन हात, बाजूच्या जुन्या रंगाला पॉलिश पेपर मारून एक, आणि मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेडच वेगळा पडतो, तिथे थोडा फरक डोळा माफ करतो. भिंतीच्या मध्यावर अजिबात करत नाही.

दुसरं, आधी ओल गेली आहे याची खात्री करा. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी आतून घाम दिसला तर थांबा. पावसाळ्यात घाईने रंगवलेल्या भिंतीला पोपडे धरलेच म्हणून समजा.

जुळवणीबद्दल जास्त बोलत नाही. क्रीम, पांढरा, फिका पिवळा मी डोळ्याने जुळवून देतो. हिरव्याची जबाबदारी मी घेत नाही.

अंकलेश्वर_पास:
दोन_हात साहेबांनी शेवटच्या वाक्यात खरी गोष्ट सांगितली. हिरवा अवघडच असतो आणि का ते मी सांगू शकतो, कारण माझी सगळी नोकरी हिरव्यात गेली. अंकलेश्वरला रंगद्रव्यांच्या कारखान्यात लॅबमध्ये होतो, बडोद्याहून पास काढून रोज सकाळची गाडी. आम्ही थॅलो हिरवा बनवायचो. तांब्याचं थॅलोसायनिन मुळात निळं असतं. त्या रेणूवर चौदा-पंधरा क्लोरीन बसवले की ते हिरवं होतं. पिगमेंट ग्रीन ७ म्हणतात ते हेच. रंगाच्या दुकानातल्या मशीनमध्ये जी स्टेनरची, म्हणजे पांढऱ्यात मिसळायच्या दाट रंगांची, नळकांडी असतात, त्यातल्या हिरव्यात बहुतेक वेळा हेच असतं.

ताई, तुमचा चौकोन दिवसा जुळतो आणि रात्री फुटतो, यात दुकानदाराने फसवलं असं समजू नका आणि तुमचे डोळेही ठीक आहेत. याला मेटॅमेरिझम म्हणतात. तुमच्या शेडसारखा फिका राखी हिरवा दोन-तीन वाटांनी बनतो. एक वाट म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये (स्टेनर न घातलेल्या मूळ रंगात) थोडा थॅलो हिरवा, त्याला पिवळा ऑक्साइड आणि चिमूटभर काळा. दुसरी वाट, थॅलो निळा, त्यात एखादा लख्ख पिवळा आणि काळा. दोन्ही डबे दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवले तर तुम्ही-मी वेगळे सांगू शकणार नाही. पण भिंत प्रकाशातला कुठला भाग किती परत पाठवते, त्याचा आलेख काढला तर दोन्ही रेघा वेगळ्या असतात, एकमेकींना छेदत जातात. दिवसाच्या उजेडात या सगळ्याची बेरीज सारखी येते. पिवळ्या दिव्यात निळा भाग कमी आणि पिवळा-तांबडा जास्त, म्हणजे बेरजेतला प्रत्येक आकडाच बदलतो, आणि मग उत्तर सारखं येत नाही. तुमचा नवा डबा रात्री निळसर होतो, यावरून माझा अंदाज असा की त्यात निळा स्टेनर गेलाय आणि तुमच्या जुन्या भिंतीत तो नाही. झाकणावरच्या लेबलवर किंवा पावतीवर स्टेनरची नावं छापलेली असतात, बघून सांगा.

आमच्या लॅबमध्ये एक कपाट होतं, आतून करडं रंगवलेलं, त्यात तीन प्रकारचे दिवे. एक दिवसाच्या उजेडासारखा, त्याला डी ६५ म्हणतात, एक जुन्या पिवळ्या बल्बचा, एक दुकानातल्या ट्यूबचा. नमुना पास करायचा तर तिन्ही बटणं दाबून बघितल्याशिवाय सही होत नसे. पहिल्या दिव्याखाली सुंदर जुळलेला नमुना दुसऱ्या बटणावर एकदम परका झालेला मी असंख्य वेळा बघितलाय. रंगाच्या दुकानात हे कपाट नसतं. तुमची खोली हेच तुमचं कपाट आहे.

आता तक्त्यांबद्दल. इंटरनेटवर असे तक्ते भरपूर मिळतात. एशियनची अमुक म्हणजे बर्जरची तमुक, ड्युलक्सची अमुक म्हणजे नेरोलॅकची तमुक. ते खोटे नसतात, पण ते फक्त त्या कंपनीच्या ठरलेल्या शेडपैकी सगळ्यात जवळची कोणती एवढंच सांगतात. जवळची म्हणजे किती जवळची? फरक मोजायचं एकक आहे, डेल्टा ई. तो एकच्या आसपास किंवा आत असेल तर शेजारी धरूनही बहुतेकांना कळत नाही. दोन-तीन झाला की एकाच भिंतीवर सांधा दिसायला लागतो. आणि हा आकडा सहसा एकाच दिव्यासाठी काढलेला असतो, दिवसाच्या. तुमची तक्रार रात्रीची आहे.

मोबाइलच्या ॲपने हे काम होणार नाही. कॅमेरा खोलीतल्या दिव्याप्रमाणे पांढरा कोणता ते स्वतः ठरवतो आणि सगळे रंग त्याप्रमाणे सरकवतो. नवी खोली कुठल्या रंगाची करावी हे ठरवायला ठीक आहे.

तुम्ही काय करावं ते सांगतो. जुन्या डब्याचा नंबर बाजूला ठेवा. तुम्हाला तो नंबर जुळवायचा नाही, आजची भिंत जुळवायची आहे. फोडलेल्या भिंतीला जी दुसरी भिंत कोपऱ्यात भेटते, तिच्यावर कोपऱ्याजवळ, फर्निचरमागे लपेल अशा जागी कटरने दोन इंचाचा चौकोन आखा, पुट्टीपर्यंत खोल. पातळ पत्र्याने अलगद उचला, पुट्टीच्या थरासकट निघतो. ओल्या मऊ फडक्याने धूळ पुसा, घासू नका, घासलं की चमक येते. स्विचबोर्डमागचा तुकडा घेऊ नका. तिथे उजेड आणि धूर पोचलेला नसतो, तो रंग वेगळाच निघतो.

हा तुकडा घेऊन ज्या दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे तिथे जा. मुठीएवढं यंत्र असतं, तुकड्यावर टेकवलं की दृश्य प्रकाशाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी वाचतं. इथे एक गोष्ट ठामपणे मागा. यंत्राने वाचल्यावर दुकानदार परत त्यांच्या कार्डावरची जवळची शेड काढून देईल. ती नको म्हणा. या तुकड्यासाठी वेगळा फॉर्म्युला काढून द्या म्हणा, आणि शक्य असेल तर निळा स्टेनर वगळून हिरवा, पिवळा ऑक्साइड आणि काळा यांच्यावर काढा म्हणा. पिवळ्या दिव्याखालचा फरक किती तेही विचारा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा येतो. चमकही तीच मागा. बिनचमकीच्या मॅटशेजारी किंचित चमकणारं सॅटिन लावलं तर रंग तंतोतंत असूनही सॅटिन गडद दिसणार.

डबा घरी आणला की आधी बोटाची परीक्षा घ्या. थॅलोचा स्वभाव असा की पांढऱ्या रंगात तो नीट विखुरला नाही तर त्याचे कण आपसात गोळा होऊन बसतात. जाड पांढऱ्या कार्डावर रंगाचा हात द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा. रंग ओला नाही पण अजून कोरडाही नाही, अशा वेळी एका जागी बोटाने गोल गोल हलकं चोळा. वाळल्यावर चोळलेला गोल बाकीच्यापेक्षा ठळक हिरवा दिसला तर समजा की डबा नीट घुसळला गेलेला नाही, किंवा तो स्टेनर त्या बेसला मानवत नाही. असा डबा भिंतीला लावला की कडेने ब्रशने मारलेली पट्टी एका शेडची आणि रोलरचा मधला भाग दुसऱ्या शेडचा दिसतो. मग लोक रंगाऱ्याला बोल लावतात, आणि त्याचा काही दोष नसतो. दुकानात परत नेऊन मशीनवर हलवून घ्या आणि पुन्हा चोळून बघा.

गोल सारखा निघाला तर दुसऱ्या मोठ्या कार्डावर दोन हात द्या, रात्रभर वाळू द्या. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, ओलं असताना फिकं दिसतं, वाळताना गडद होतं, म्हणून त्याच दिवशी निर्णय नको. मग ते कार्ड बरोबर त्या कोपऱ्यात जुन्या भिंतीला टेकवून लावा आणि सकाळी, चौकात ऊन असताना आणि दिवे लागल्यावर बघा. गणपतीत ज्या माळा लावता त्याही लावून बघा.

खारीवावकर:
काका, किती मनापासून लिहिलंत! नव्या डब्याच्या झाकणावरचं लेबल आत्ता बघून आले. स्टेनरच्या यादीत निळा आहे, पिवळा आहे, काळा आहे. हिरवा नाहीच.

दोन_हात दादा, प्लास्टिकचा तुकडा लावून बघितला, आतून कोरडा आहे. भिंत साधारण बारा फूट रुंद आणि अकरा फूट उंच आहे. किती रंग आणू?

दोन_हात:
दार-खिडकी वजा न करता १३२ चौरस फूट. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला शंभर ते दीडशे फूट जातं. नव्या गिलाव्याचा भाग धरून दोन लिटर आणा. लिटर-लिटरचे दोन डबे मिळाले तर उघडून एका बादलीत एकत्र करा, मगच सुरुवात करा. एक डबा संपल्यावर दुसरा उघडायचा नाही. आणि निळा स्टेनर काका म्हणाले तसा निघाला, हे वाचून मलाही शिकायला मिळालं.

करडं_कार्ड:
मी फाइन आर्ट्सला पेंटिंग केलं, आता शाळेत चित्रकला शिकवते. काकांच्या सांगण्यात एक भर. तुमच्या खोलीत फरशी कुठली आहे? जुन्या वाड्यांत लाल फरशी किंवा लाल कोबा असतो. लालाशेजारी हिरवा आहे त्यापेक्षा जास्त हिरवा भासतो, आणि फरशीवरून उडालेला तांबूस उजेड भिंतीच्या खालच्या भागाला मळकट करतो. त्यामुळे एकच रंग खाली आणि वर वेगळा वाटतो. कार्ड लावताना डोळ्याच्या उंचीला लावा, जमिनीपाशी नको.

करड्या पुठ्ठ्याला बोटभर अंतरावर दोन सारखी भोकं पाडा. एक भोक नव्या रंगावर येईल आणि दुसरं जुन्यावर, असा तो पुठ्ठा धरा आणि एक डोळा मिटून बघा. आजूबाजूची फरशी, पडदे, देव्हाऱ्याचं लाकूड, सगळं नजरेआड होतं आणि फक्त दोन रंग उरतात. खूप वेळ टक लावून बघू नका. हिरव्याकडे एकटक बघितलं की डोळा थकतो आणि त्याला हिरवा कमी दिसायला लागतो. बघा, नजर बाजूला करडीवर न्या, पुन्हा बघा.

अंकलेश्वर_पास:
ताईंनी (करडं_कार्ड) फार महत्त्वाचं सांगितलं. लॅबमधलं कपाट आतून करडं असायचं ते याचसाठी.

खिडक्यांचं राहिलं होतं. चौकटी भिंतीशी जुळवायच्या मागे लागू नका. ऑइलपेंटला अंधारात पिवळेपणा येतो, पडद्यामागची चौकट आणि उजेडातली चौकट काही वर्षांत आपोआप दोन रंगांच्या होतात. इमल्शन तसं करत नाही. आज तंतोतंत जुळवलंत तरी ती जोडी टिकणार नाही. भिंतीपेक्षा स्पष्ट गडद हिरवा घ्या किंवा सरळ पांढरा.

पण त्याआधी एक काळजीची गोष्ट. वाडा जुना आहे, चौकटींवर रंगाचे किती थर असतील सांगता येत नाही. पूर्वी हिरव्या ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा, सर्रास वापरला जायचा. त्यात प्रशियन निळा मिसळला की स्वस्तात दणकट हिरवा मिळायचा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असलंच पाहिजे, हा नियम २०१६ चा आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचा जो थर असेल तो शिशाचाच आहे असं धरून वागा. कोरडं घासकाम करू देऊ नका, गॅस किंवा हॉट गनने जाळून काढू देऊ नका. पाणी मारून ओल्या पेपरने घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. घरात लहान मुलं असतील तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा. रंग जुळला नाही तर पुन्हा मारता येतो, मुलाच्या रक्तात गेलेल्या शिशाचं तसं नसतं.

खारीवावकर:
काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुकडा काकांनी सांगितला तसा काढला, कपाटामागून. यंत्र असलेलं दुकान राजमहाल रोडच्या बाजूला मिळालं. अपेक्षेप्रमाणे त्यांनी आधी कार्डावरची शेड काढली. वेगळा फॉर्म्युला हवा म्हटल्यावर तिथला मुलगा जरा कुरकुरला, पण निळा वगळून काढा म्हणताच त्याला रस वाटला. त्याने दोन्ही फॉर्म्युले स्क्रीनवर शेजारी दाखवले. दिवसाच्या उजेडातला फरक दोन्हींत जवळपास सारखा, पिवळ्या दिव्याखाली मात्र निळावाला कितीतरी लांब. हे डोळ्यांनी बघितल्यावर सगळं लख्ख कळलं.

बोटाच्या परीक्षेत पहिल्यांदा गोल हलकासा दिसला. डबा नेऊन पुन्हा हलवून आणला, मग नाही दिसला. कार्ड कोपऱ्यात लावून करड्या पुठ्ठ्याच्या भोकांतून घरातल्या सगळ्यांनी बघितलं. आमची फरशी लालच आहे. रात्री माळा लावूनही कार्ड भिंतीत मिसळत होतं.

पूर्ण भिंत केली. चौकाच्या बाजूने ऊन तिरपं येतं तेव्हा नव्या भिंतीला किंचित जास्त ताजेपणा वाटतो, बाकी कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही. चौकटी पांढऱ्या करतोय, ओलं घासकाम करून. मुलं दोन दिवस आत्याकडे.

अर्धा लिटर रंग उरलाय. तो पुढे लागला तर कसा ठेवू? डबा मोठा आहे आणि आत रिकामी जागा खूप.

अंकलेश्वर_पास:
फार बरं वाटलं वाचून. उरलेला रंग गाळून घट्ट झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या बरणीत भरा, काठोकाठ, आत हवा राहता कामा नये. बरणी माळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. खालच्या कपाटात ठेवा. बरणीवर कंपनी, रंगाचं नाव, बेस, चमक आणि स्टेनरचे आकडे हाताने लिहा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, छापील लेबलची शाई उडते. वापरायच्या वेळी उघडल्यावर आंबूस वास आला तर तो रंग लावू नका, आकडे दाखवून नवा बनवून घ्या. आणि ज्या कार्डावर दोन हात दिलेत ते फेकू नका, बरणीशेजारी पाकिटात घालून ठेवा. पुढच्या वेळी भिंतीचा तुकडा काढायची गरज पडली तर यंत्राखाली दोन्ही वाचून घेता येतील, भिंत किती सरकली ते त्यावरून समजेल.